अंगठ्याखालची पट्टी

नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामने आपल्या ॲपच्या तळाशी असलेली पट्टी बदलली. तोवर तिच्या मधोमध फोटो टाकण्यासाठीचं अधिकचं चिन्ह होतं आणि त्याच्या उजवीकडे, आपल्या फोटोंना कोणी पसंती दिली ते सांगणारं बदाम. नव्या रचनेत मधोमध रील्स आली आणि बदामाच्या जागी खरेदीची पिशवी. जुनी दोन्ही चिन्हं वर उजव्या कोपऱ्यात गेली. म्हणजे काढून टाकलं असं काहीच नव्हतं, जागा तेवढ्या बदलल्या. पण पसंती बघायला सवयीने गेलेला अंगठा आता दुकानात जाऊन पोहोचू लागला आणि लोक वैतागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुकान पट्टीवरून उतरवलं गेलं आणि अधिकचं चिन्ह परत मधल्या जागी आलं.

ॲप बनवणारे या पट्टीला बॉटम नेव्हिगेशन बार म्हणतात, ॲपलवाले टॅब बार. तीन ते पाच चिन्हं, त्यांच्याखाली एकेक शब्द, एवढाच तिचा पसारा. पट्टी ॲपची असते, पण तिच्यावरची सवय वापरणाऱ्याची. मग तिच्यावर काय बसवायचं आणि कुठल्या क्रमाने, हे वापरणाऱ्यालाच ठरवू दिलं तर?

ही कल्पना पहिल्या आयफोनइतकीच जुनी आहे. २००७ च्या त्या फोनमधल्या आयपॉड ॲपमध्ये तळाशी चार चिन्हं आणि शेवटी ‘मोअर’ असायचं. मोअरमध्ये जाऊन एडिट दाबलं की उरलेली सगळी चिन्हं समोर मांडली जात. त्यातलं हवं ते बोटाने ओढायचं आणि पट्टीवरच्या नको असलेल्यावर नेऊन सोडायचं. पुढच्याच वर्षी बाहेरच्या प्रोग्रॅमरना आयफोनसाठी ॲप लिहिता येऊ लागली, तेव्हा ॲपलने हीच सोय तयार घटक म्हणून देऊन टाकली. पाचपेक्षा जास्त टॅब दिले तर पहिले चार दिसणार, पाचव्या जागी मोअर आपोआप येणार, आणि त्याच्या मागोमाग एडिटही. एक मेख मात्र होती. वापरणाऱ्याने लावलेला क्रम जपून ठेवणं हे ॲप बनवणाऱ्याचं काम होतं. त्याने ते केलं नाही, तर ॲप पुन्हा सुरू झाल्यावर पट्टी पहिल्यासारखी. कष्टाने लावलेली मांडणी दुसऱ्या दिवशी विस्कटलेली दिसली की माणूस तिसऱ्यांदा लावत बसत नाही.

अँड्रॉइड याच ठिकाणी फार उशिरा आणि उलट्या वाटेने आलं. २०१२ मध्ये गूगलची डिझाइनची मार्गदर्शिका प्रोग्रॅमरना बजावत होती, की आयफोनसारखे तळाचे टॅब इथे आणू नका. अँड्रॉइडमध्ये टॅब वर असतात. मग २०१३ पासून बाजूने सरकत येणाऱ्या कप्प्याची लाट आली, तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे दडलेल्या. (त्या तीन रेघा मूळच्या १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकावरच्या, नॉर्म कॉक्स यांनी काढलेल्या.) कप्प्यात कितीही गोष्टी मावतात, हा त्याचा गुण. पण जे दिसत नाही ते लोक विसरतात. शिवाय मधल्या काळात फोन वाढत गेले. साडेतीन इंचांचा पहिला आयफोन मुठीत मावायचा. २०१४ चा आयफोन ६ प्लस साडेपाच इंचांचा होता, आणि एका हाताने धरलेल्या अशा फोनच्या वरच्या कोपऱ्यात अंगठा पोहोचवायचा म्हणजे कसरतच. मार्च २०१६ मध्ये गूगलनेही तळाची पट्टी आपल्या मार्गदर्शिकेत घेतली आणि तीन ते पाच चिन्हांची मर्यादा घालून दिली.

लोक फोन धरतात कसा, याची नोंद घेणाऱ्यांमध्ये स्टीव्हन हूबर यांचं नाव हमखास येतं. रस्त्यावर, बसथांब्यांवर, विमानतळांवर, कॅफेंमध्ये लोकांना नुसतं पाहून त्यांनी १,३३३ नोंदी केल्या आणि २०१३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पडद्याला बोट लावत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने काम करत होते. ३६ टक्के लोकांनी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताचं बोट किंवा अंगठा वापरला. उरलेले १५ टक्के दोन्ही अंगठे वापरत होते. हे आकडे तळाच्या पट्टीच्या बाजूने नेहमी दिले जातात. पण हूबर यांनी त्यात सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते: एकच माणूस क्षणाक्षणाला पकड बदलत असतो. म्हणजे ‘उजव्या अंगठ्याला सोपी जागा’ असं एकदा ठरवून सगळ्यांच्या गळ्यात घालता येत नाही.

मग फोननेच पाहावं की हा माणूस काय जास्त वापरतो, आणि ते आपोआप पुढे आणावं, हे सुचणं साहजिक आहे. मायक्रोसॉफ्टला ते ऑफिस २००० मध्ये सुचलं होतं. त्यातले मेनू सुरुवातीला अर्धेच उघडत. जे वापराल ते दिसे, बाकीचं लपून राहत असे. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कालपर्यंत दिसणारी आज्ञा आज दिसेना आणि लोक मेनूत चाचपडू लागले. ऑफिस २००७ मध्ये तो प्रकार नव्या रिबनने मोडीत काढला. दरम्यान २००४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनर यांनी तीन प्रकारचे मेनू लोकांना वापरायला देऊन वेळ मोजला: कधीच न बदलणारा, आपोआप बदलणारा, आणि वापरणाऱ्याने स्वतः लावायचा. आपोआप बदलणारा मेनू न बदलणाऱ्यापेक्षा हळू ठरला. स्वतः लावायचा मेनू मात्र काही परिस्थितींत न बदलणाऱ्याच्या बरोबरीला आला, आणि बहुतेकांना तोच आवडला.

मिसळणाचा डबा ज्याच्या घरात आहे त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. मोहरी कुठल्या वाटीत आणि हळद कुठल्या, हे घरोघरी वेगळं असतं, आणि फोडणी करणारीचा हात न बघता तिथे जातो. घरात नव्याने आलेल्या कोणी उत्साहाने वाट्या ‘नीट’ लावल्या की काय होतं हे सांगायला नको. तेच हात स्वतःच्या मनाने वाट्या बदलतात तेव्हा एखादा दिवस चुकतात आणि मग बसतं.

तर नियम हा ठरला, की पट्टी बदलायची ती वापरणाऱ्याच्या हाताने. ॲपने तिला आपणहून हात लावायचा नाही. हा एक नियम पाळायचा म्हटला की प्रोग्रॅममध्ये बऱ्याच गोष्टी मुळापासून वेगळ्या लिहाव्या लागतात.

उदाहरणासाठी शेतीमालाचं एक ॲप घेऊ. त्यात ठिकाणं आठ: मुख्य, बाजारभाव, हवामान, फवारणी, हिशोब, वाहतूक, सल्ला, बातम्या. दिंडोरीचा द्राक्षबागायतदार सकाळी उठून आधी हवामान बघतो, आणि निर्यातीचा माल असेल तर फवारणीची नोंद त्याला रोजच्या रोज ठेवावी लागते. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला फवारणीशी काही देणंघेणं नाही. त्याला भाव, वाहतूक आणि हिशोब हवेत. पट्टीवर जागा पाच. दोघांनाही पुरेल अशी एकच पट्टी बनवायला बसलं, तर दोघांसाठीही अर्धवट पट्टी हाती येते. ॲप फ्लटरमध्ये लिहितोय असं धरू, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप तयार होईल.

शिकाऊ प्रोग्रॅमर पट्टी लिहितो ती अशी: चिन्हांची एक यादी, पडद्यांची दुसरी यादी, आणि सध्या कुठला टॅब निवडलाय त्याचा क्रमांक. शून्य म्हणजे मुख्य, एक म्हणजे भाव, दोन म्हणजे हवामान. दोन्ही याद्या एकाच क्रमाने लिहिल्या की काम झालं. न बदलणाऱ्या पट्टीला हे पुरतं. पण वापरणाऱ्याने हवामान उचलून पहिल्या जागेशेजारी ठेवलं, की ‘दोन’ म्हणजे काय हे प्रत्येक फोनवर वेगळं होतं. क्रमांक ही आता जागेची खूण झाली, ठिकाणाची राहिली नाही. बदलत्या पट्टीतल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हाच घोळ सापडतो.

म्हणून पहिलं काम हे, की प्रत्येक ठिकाणाला एक छोटी, कायमची, मजकुरातली ओळख द्यायची. ती वापरणाऱ्याला कधी दिसत नाही, ॲपची भाषा बदलली तरी बदलत नाही, आणि एकदा वापरलेली ओळख पुढे दुसऱ्या ठिकाणाला देत नाहीत. मग दोन याद्या ठेवायच्या. पहिली पूर्ण यादी: आठही ठिकाणांची ओळख, नाव, पट्टीवर मावेल असं आखूड नाव, निवडलेलं आणि न निवडलेलं अशी दोन चिन्हं, आणि ते दाबल्यावर उघडायचा पडदा. ही यादी प्रोग्रॅममध्ये असते आणि ॲपच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलू शकते. दुसरी यादी निवडीची: फक्त ओळखी, वापरणाऱ्याने लावलेल्या क्रमाने. ही फोनवर साठवायची. फ्लटरमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस नावाची साधी सोय त्याला पुरते. मजकुरांची यादी जशीच्या तशी तिच्यात ठेवता येते. नाव किंवा चिन्ह साठवायचा मोह होतो, तो टाळायचा. माणसाने ॲप इंग्रजीतून मराठीत आणलं आणि साठवलेलं नाव इंग्रजीच राहिलं, तर पट्टी जुळणार कशाशी?

साठवण्यातही एक बारकावा आहे. ज्याने पट्टीला कधी हातच लावला नाही, त्याच्या फोनवर काहीही साठवायचं नाही. पहिल्यांदा ॲप उघडताच मूळ क्रम लिहून ठेवला, तर ‘मला हेच हवंय’ आणि ‘मी काही ठरवलेलंच नाही’ या दोन माणसांत फरक करायची सोय उरत नाही. आणि काही न ठरवणारे नेहमीच जास्त असतात. वेंडी मॅके यांनी एमआयटीत लोक सॉफ्टवेअर कधी स्वतःसारखं करून घेतात आणि कधी नाही, याचा अभ्यास करून तो १९९१ मध्ये मांडला. वेळ नाही, कामातून मान वर काढता येत नाही, ही मुख्य अडचण. आणि मांडणी बदलायला भाग पाडणाऱ्या प्रसंगांपैकी एक गमतीचा: नवी आवृत्ती आली की लोक ती जुन्यासारखी वागावी म्हणून खटपट करतात. तेव्हा मूळ मांडणी चांगली असणं हे बदलाची सोय दिल्यावरही तितकंच महत्त्वाचं राहतं. आपल्या ॲपमध्ये सुरुवातीला ‘तुम्ही पिकवता की विकत घेता’ एवढं विचारून दोन वेगळ्या मूळ मांडण्या दिल्या, तर निम्मं काम तिथेच होतं.

साठवलेली यादी वाचताना तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. ती जुन्या आवृत्तीने लिहिलेली असू शकते. म्हणून वाचल्याबरोबर तिची चाळणी: पूर्ण यादीत नसलेली ओळख गाळायची, दोनदा आलेली एकदाच ठेवायची, कायमची ठिकाणं नसतील तर घालायची, पाचाच्या वरची कापायची. आणि हे सगळं पहिला पडदा उमटण्याआधी. साठवणीतून वाचायला क्षणभर लागतो. त्या क्षणात मूळ पट्टी दाखवून मग वापरणाऱ्याची लावली, तर डोळ्यांदेखत चिन्हं उड्या मारतात आणि घाईतला अंगठा भलत्याच ठिकाणी पडतो. फ्लटरच्या मुख्य फंक्शनमध्ये आधी वाचन संपवायचं, मगच ॲप चालू करायचं.

कायमची ठिकाणं म्हणजे कुठली? ‘मुख्य’ एक, कारण अँड्रॉइडवर मागे जाता जाता माणसाला शेवटी कुठेतरी पोहोचायचं असतं. ती जागा दर फोनवर वेगळी असली की मागे जाण्याचा अर्थच डळमळतो. आणि दुसरं ‘आणखी’. पट्टीवर नसलेली ठिकाणं तिथे सापडणार, आणि पट्टी बदलायचा पडदाही तिथूनच उघडणार. उत्साहाच्या भरात ‘सगळंच बदलता येईल’ अशी मुभा दिली, तर कोणीतरी ‘आणखी’च काढून टाकेल आणि परत येण्याचा दरवाजा बाहेरून बंद होईल. दोन जागा बांधलेल्या, तीन मोकळ्या. कमी वाटतात, पण आपल्या बागायतदाराला आणि व्यापाऱ्याला तीन पुरतात.

आता निवडलेला टॅब. ॲपने स्वतःशी लक्षात ठेवायची ती निवडलेल्या ठिकाणाची ओळख; क्रमांक पट्टी रंगवताना यादीतून शोधून काढायचा. फ्लटरची पट्टी क्रमांकच मागते आणि तो यादीच्या बाहेरचा असेल तर चाचणीच्या वेळी सरळ चूक दाखवून थांबते. पाचव्या टॅबवर बसलेल्या माणसाने दोन टॅब काढले आणि क्रमांक जुनाच राहिला, की हे होणारच. ओळख लक्षात ठेवली असेल तर यादीत ती सापडते किंवा सापडत नाही. न सापडल्यास ‘मुख्य’वर न्यायचं. प्रश्न मिटला.

याहून फसवी चूक आतल्या पडद्यांची. तळाच्या पट्टीकडून लोकांची एक अपेक्षा असते: हिशोबात तीन पानं आत गेलो, मध्येच भाव बघून आलो, तर हिशोब तिथेच उघडा सापडावा. फ्लटरमध्ये त्यासाठी सगळे पडदे एकावर एक रचून त्यातला एकच दाखवणारा घटक वापरतात, इंडेक्स्ड स्टॅक. प्रत्येक पडद्याला स्वतःचा नेव्हिगेटर, म्हणजे आतल्या पानांची स्वतःची थप्पी. आता क्रम बदलला की काय होतं पाहा. फ्लटर जुनी रचना आणि नवी रचना जागेवार जुळवून बघतं. पहिल्या जागी आधी टॅबचा पडदा होता, आताही टॅबचाच पडदा आहे, प्रकार तोच. मग आतली स्थिती तशीच ठेवू, असं ते ठरवतं. परिणामी पट्टीवर हवामानाचं चिन्ह, दाबल्यावर मात्र हिशोबाची उधारी. इलाज सोपा आहे. प्रत्येक पडद्याला त्याच्या ठिकाणाची ओळख किल्ली म्हणून लावायची, फ्लटरच्या भाषेत ‘की’. मग फ्लटर जागा बघत नाही, किल्ली बघतं, आणि पडदा सरकला तरी त्याची स्थिती त्याच्याबरोबर सरकते. एका ओळीचा हा इलाज माहीत नसला तर माणूस दोन रात्री डोकं धरून बसतो.

इंडेक्स्ड स्टॅक आपल्या पोटातले सगळे पडदे एकदमच उभे करतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. ॲप उघडताच भाव, हवामान, हिशोब सगळ्यांनी एकदम इंटरनेटकडे धाव घ्यायची गरज नसते. ज्या टॅबवर माणूस अजून गेलेलाच नाही तिथे रिकामी जागा ठेवायची आणि पहिल्या भेटीला खरा पडदा उभा करायचा.

दिसण्याच्या बाबतीतला एक खड्डा खास बदलत्या पट्टीसाठीच खणून ठेवल्यासारखा आहे. फ्लटरच्या जुन्या पट्टीत तीन चिन्हांपर्यंत एक ढंग असतो आणि चार झाली की आपोआप दुसरा: न निवडलेल्या चिन्हांखालचे शब्द गायब होतात आणि चिन्हं पांढरी होतात. पांढऱ्या पट्टीवर पांढरी चिन्हं! आपल्या वापरणाऱ्याने तिसऱ्यावर चौथं चिन्ह चढवलं आणि पट्टी कोरी झाली, तर त्याला वाटणार आपणच काहीतरी मोडलं. तेव्हा ढंग स्थिर ठेवा असं स्पष्ट सांगायचं, किंवा गूगलच्या मटेरियल ३ या नव्या डिझाइन-पद्धतीतली पट्टी घ्यायची, जिच्यात हा प्रकार नाही. तिची उंचीही जुन्या ५६ च्या जागी ८० एकक आहे. हे एकक पडद्याच्या घनतेप्रमाणे सांभाळून घेणारं, म्हणजे स्वस्त आणि महाग फोनवर साधारण सारख्याच आकाराचं. बोट नेमकं पडायला अँड्रॉइड किमान ४८ एककांची जागा सांगतं, ॲपल ४४ ची. साधारण ३६० एकक रुंदीच्या फोनवर पाच चिन्हं बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला ७२ येतात. बोटाला भरपूर, पण शब्दाला नाही.

आणि मराठी शब्दाला तर नाहीच. ‘बाजारभाव’ कसाबसा बसतो, ‘हवामानाचा अंदाज’ तुटतो. शिवाय आपल्या लिपीत रेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या उंचीत ‘सूचना’चा ऊकार खालून कापला जातो. वडीलधाऱ्यांनी फोनमधला अक्षरांचा आकार वाढवलेला असतो, तिथे तर हमखास. पूर्ण यादीत आखूड नाव वेगळं ठेवायचं ते यासाठी. पट्टीवर ‘भाव’, ‘हवा’, ‘हिशोब’; आतल्या पडद्यावर पूर्ण नाव. चिन्हाखालचा शब्द काढून टाकणं हा उपाय नव्हे. ट्रकचं चिन्ह म्हणजे वाहतूक की खताची गाडी, हे चिन्हाला सांगता येत नाही.

आयफोन एक्सपासून, म्हणजे २०१७ पासून, पडद्याच्या अगदी तळाशी, बोट वर सरकवून ॲप मिटवायची रेघ आली आणि तिच्यासाठी ३४ एकक सोडावे लागतात; अँड्रॉइड १० नेही पुढे तशीच रेघ आणली. फ्लटरच्या तयार पट्ट्या ही जागा आपोआप सोडतात. हाताने रंगवलेल्या पट्टीत ती सोडायची राहून जाते आणि टॅब दाबताना ॲपच मिटतं.

मांडणी बदलायचा पडदा कसा असावा, यावर डिझाइनवाले पुष्कळ वाद घालतात. पट्टीवरच लांब दाबून चिन्हं थरथरवणं दिसायला छान, पण ते कोणाला सांगितल्याशिवाय सापडत नाही आणि खिशात फोन असताना आपोआप घडतं. मला साधी उभी यादी बरी वाटते: वर ‘पट्टीवर’, खाली ‘बाकीचे’, आणि तळाशी खरी पट्टी, जी बदल होताच बदलते. फ्लटरमध्ये ओढून क्रम लावता येणारी तयार यादी आहे. तिचा एक जुना खोडसाळपणा प्रसिद्ध आहे. वस्तू खाली ओढली तर नवी जागा ती एकने जास्त सांगते, कारण मोजताना उचललेली वस्तू तिने अजून काढलेली नसते. जुनी जागा नव्या जागेच्या आधी असेल तर एक वजा करायचा. नाहीतर वर ओढलेलं नीट बसतं, खाली ओढलेलं एक घर पुढे जाऊन पडतं, आणि तक्रार येते ती ‘कधीकधी चुकतं’ अशी.

ओढणं सगळ्यांना जमत नाही. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक ओळीत वर-खाली नेणारी बटणं हवीतच. वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीने, डब्ल्यूसीएजी २.२ ने, ऑक्टोबर २०२३ मध्ये हे स्वतंत्र कलम म्हणून घातलं: जे ओढून करता येतं ते नुसत्या स्पर्शानेही करता आलं पाहिजे. फ्लटरची तयार यादी टॉकबॅकसारख्या पडदावाचकाला ‘वर न्या, खाली न्या’ अशा आज्ञा आपणहून पुरवते. पण थरथरत्या हातांच्या माणसाकडे पडदावाचक चालू नसतो, त्याला डोळ्यांसमोर बटण लागतं. आणि एक बटण ‘मूळ मांडणी’चं. ते असलं की लोक बिनधास्त खेळून बघतात.

या सगळ्यात प्रोग्रॅमबाहेरची एक किंमत आहे, ती कोणी आधी मोजत नाही. गावाकडून काकांचा फोन येतो, “अरे, ते भाव कुठे दिसतात?” आणि पुतण्या सांगतो, “काका, खालचं डावीकडून दुसरं दाबा.” काकांची पट्टी वेगळी लागलेली असली की हे वाक्य निरुपयोगी. मदतीची पानं, व्हिडिओ, मदतकेंद्रातल्या माणसांची ठरलेली उत्तरं, सगळीकडून ‘डावीकडून दुसरं’ काढून ‘आणखीमध्ये जाऊन बाजारभाव’ असं लिहावं लागतं. ती वाट पट्टी कशीही असली तरी चालायला हवी. म्हणून ‘आणखी’मध्ये उरलेली ठिकाणं दाखवण्याऐवजी आठही दाखवलेली बरी, पट्टीवरची धरून.

सूचनांचंही तेच. गारपिटीचा इशारा आला, व्यापाऱ्याने तो दाबला, आणि हवामान तर त्याच्या पट्टीवर नाही. तेव्हा पट्टीवरचं कुठलंतरी चिन्ह खोटंच उजळून दाखवायचं नाही. इशाऱ्याचा पडदा चालू टॅबच्या वर उघडायचा, मागे गेलं की माणूस होता तिथे.

हे सगळं जमण्यासारखं असूनही मोठ्या ॲपमध्ये ही सोय क्वचित दिसते. फेसबुकने २०२० मध्ये काही चिन्हं काढायची किंवा कायम ठेवायची मर्यादित मुभा दिली. ॲपलने २०२४ मध्ये आयपॅडसाठी ती नव्याने आणली, बाजूच्या यादीतून वरच्या पट्टीत ओढण्याची. बाकी फारसं नाही. कारण तांत्रिक नाही. पट्टी ही ॲपमधली सगळ्यात महागाची जागा. नवं दुकान, नवे व्हिडिओ लोकांच्या अंगठ्याखाली सरकवायचे तर ती मालकाच्याच ताब्यात असावी लागते. जे ॲप जाहिरातीवर किंवा विक्रीवर चालतं ते ही जागा सोडेल अशी आशा मी धरत नाही. रोजच्या कामाची ॲप, हिशोबाची, दवाखान्याची, शेतीची, बँकेची, यांना मात्र ती सोडायला काही हरकत नसावी. आणि ज्या ॲपमध्ये मुळात चारच ठिकाणं आहेत तिथे हा खटाटोप करूच नये.

सोय दिल्यावर खरी परीक्षा पुढच्या आवृत्तीला होते. समजा ‘पीकविमा’ हे नववं ठिकाण आलं. ज्यांनी पट्टीला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी मूळ मांडणीत जागा करून द्यायची तर ते एक वेळ चालेल; त्यासाठीच त्यांच्या फोनवर काही साठवलेलं नव्हतं. ज्यांनी पट्टी लावलेली आहे, त्यांच्या पट्टीला धक्का नाही. त्यांना नवं ठिकाण ‘आणखी’मध्ये, एका ठिपक्यासह. आणि ‘बातम्या’ बंद झाल्या तर? चाळणीत ती ओळख गळेल आणि जागा रिकामी होईल. तिथे आपल्या पसंतीचं काही भरायचा मोह आवरायचा, आणि बातम्या बंद झाल्याचं एकदाच, एका ओळीत सांगायचं. पट्टीवर चार चिन्हं राहिली तर राहिली. फ्लटरची पट्टी फक्त दोनच्या खाली गेली की अडून बसते, आणि ‘मुख्य’ व ‘आणखी’ बांधलेली असल्याने तिथवर वेळ येत नाही.